डेटाबेसविना चालणारा विद्यार्थी प्रकल्प : एका जुन्या अडचणीची पार्श्वभूमी

विद्यार्थ्याने सहा महिने खपून तयार केलेला सॉफ्टवेअर प्रकल्प परीक्षकाच्या किंवा सहकाऱ्याच्या संगणकावर सुरू केला, की अनेकदा तो पहिल्याच पडद्याआधी थांबतो. कोड अचूक असतो. पण तो लोकलहोस्टच्या, म्हणजे त्याच संगणकाच्या, ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर (जोडणीच्या दारावर) मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर शोधत असतो आणि त्या संगणकावर मायएसक्यूएल नसते. असले तरी पासवर्ड वेगळा असतो आणि पासवर्ड जुळला तरी तक्ते कोणी तयार केलेले नसतात. डेटाबेस नसताना हा प्रकल्प चालवायचा कसा, हा प्रश्न वरवर किरकोळ दुरुस्तीचा वाटतो, परंतु त्यामागे पन्नासहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

आयबीएममध्ये काम करणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधाधारित डेटाबेसची, म्हणजे माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडण्याची, कल्पना मांडली. माहिती यंत्रामध्ये कशी रचून ठेवली आहे हे वापरणाऱ्याला माहीत असण्याची गरज पडू नये, हा त्यांच्या निबंधाचा गाभा होता. त्या काळी संगणक मोठे आणि मोजके होते आणि एकाच माहितीसाठ्यावर अनेक जण काम करत. त्यामुळे आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’पासून १९७९ साली बाजारात आलेल्या ओरॅकलपर्यंत डेटाबेस हा स्वतंत्रपणे चालणारा आणि स्वतंत्रपणे सांभाळावा लागणारा कार्यक्रम राहिला. पुढे कार्यक्रम आणि डेटाबेस यांना जोडणारे ठरावीक दुवे, १९९२ मध्ये ओडीबीसी आणि १९९७ मध्ये जावा भाषेसाठी जेडीबीसी, आले. या दोन्हींमुळे कोणत्याही डेटाबेसशी एकाच पद्धतीने बोलता येऊ लागले, मात्र एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारण्याच्या भाषेची प्रत्येक डेटाबेसची बोली वेगळीच राहिली. १९९५ सालचे मायएसक्यूएल आणि ते इतर सर्व्हरांसह एकत्र बसवून देणारे २००२ सालचे झॅम्प यांनी सर्व्हर बसवण्याचे काम इतके सोपे केले, की शिकणाऱ्यांच्या दृष्टीने ‘माहिती साठवणे’ आणि ‘सर्व्हरशी जोडणी करणे’ या दोन गोष्टी एकच होऊन बसल्या. माझ्या मते आजच्या अडचणीचे मूळ इथेच आहे. जो तपशील लपवावा असे कॉड सांगत होते त्याहून अधिक तपशील, म्हणजे पत्ता, पोर्ट आणि पासवर्डसुद्धा, विद्यार्थ्यांच्या कोडमध्ये ठिकठिकाणी विखुरलेला दिसतो.

या अडचणीवरचे सर्वांत परिणामकारक उत्तर एका युद्धनौकेच्या कामातून मिळाले. प्रोग्रामर रिचर्ड हिप हे अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी, जनरल डायनॅमिक्स या संरक्षण कंपनीच्या कामाचा भाग म्हणून, सॉफ्टवेअर लिहीत होते. नौकेला इजा झाल्यास कोणत्या झडपा बंद कराव्यात हे त्या सॉफ्टवेअरने सांगायचे होते आणि त्याची माहिती इन्फॉर्मिक्स या डेटाबेसच्या सर्व्हरवर होती. सर्व्हर बंद पडला की हिप यांच्या कार्यक्रमाला, स्वतःत काहीही दोष नसताना, ‘डेटाबेसशी जोडणी होत नाही’ एवढाच संदेश दाखवता येई. वास्तविक त्याच्या शोधचौकश्या साध्या होत्या. मग मध्ये सर्व्हर कशाला, माहिती थेट डिस्कवरून का वाचू नये, असा प्रश्न त्यांना पडला आणि ऑगस्ट २००० मध्ये एसक्यूलाइट या सर्व्हरविना चालणाऱ्या डेटाबेसची पहिली आवृत्ती आली. ती बसवावी लागत नव्हती, तिला व्यवस्थापक लागत नव्हता, आणि पुढच्या आवृत्त्यांत तर संपूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये मावू लागला. नौकेवरील त्या संदेशात आणि परीक्षेच्या दिवशी विद्यार्थ्याला दिसणाऱ्या संदेशात तत्त्वतः काहीच फरक नाही, म्हणून हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो.

जावाच्या जगात हीच वाट थॉमस म्युलर यांच्या हायपरसॉनिकवरून निघालेल्या एचएसक्यूएलडीबी या डेटाबेसने २००१ मध्ये आणि म्युलर यांच्याच एचटू या डेटाबेसने २००५ मध्ये धरली. २००६ सालच्या पायथॉन २.५ मध्ये एसक्यूलाइट हाताळणारा भाग भाषेसोबत येणाऱ्या तयार कोडच्या मूळ संचातच आला.

सर्व्हरविना डेटाबेस हा उपायांचा एक प्रवाह झाला; दुसरा प्रवाह कोडच्या रचनेचा आहे आणि तो याहून जुना आहे. जो निर्णय बदलण्याची शक्यता आहे तो एकाच विभागात लपवावा, असे संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पारनास यांनी १९७२ मध्ये मांडले होते. अ‍ॅलिस्टर कॉकबर्न यांनी २००५ मध्ये ‘षट्कोनी रचना’ लिहिली, तेव्हा प्रत्यक्ष डेटाबेसपासून अलग ठेवूनही कार्यक्रम विकसित करता यावा आणि तपासता यावा, हा हेतू त्यांनी स्पष्टच नोंदवला. विद्यार्थ्याच्या प्रकल्पात याचा अर्थ असा, की ‘पुस्तक शोध’, ‘सभासद नोंदव’ अशा क्रियांचा एक इंटरफेस (कोणत्या क्रिया मिळतील एवढेच सांगणारा ठरलेला दुवा) ठेवायचा आणि त्यामागे कधी मायएसक्यूएल, कधी जेसन या साध्या मजकूर-स्वरूपाची फाइल, तर कधी मेमरीतली साधी यादी उभी करायची. ज्याने हे आधीच केले आहे त्याचे काम तासाभरात होते. मात्र ज्याच्या प्रत्येक बटणामागे एसक्यूएलचे वाक्य लिहिलेले आहे, त्याला आधी ती सर्व वाक्ये गोळा करावी लागतात आणि खरा वेळ तिथेच जातो.

बदली डेटाबेस मूळासारखाच वागेल, असे मात्र गृहीत धरता येत नाही. एसक्यूलाइट नेहमीच्या तक्त्यांत पूर्णांकाच्या स्तंभात मजकूरही स्वीकारते, त्यात तारखेसाठी वेगळा प्रकार नाही, आणि परकीय कळीचे (एका तक्त्यातील नोंदीने दुसऱ्या तक्त्यातील खऱ्या नोंदीकडेच बोट दाखवावे, असे) बंधन २००९ पासून उपलब्ध असले तरी सर्वसाधारणपणे ते प्रत्येक जोडणीत मुद्दाम सुरू करावे लागते. त्यामुळे मायएसक्यूएलने नाकारलेली चुकीची नोंद इथे मुकाट्याने आत जाऊ शकते. एचटूचा मेमरीतला डेटाबेस, वेगळी सूचना दिली नसेल तर, शेवटची जोडणी बंद होताच नाहीसा होतो. स्प्रिंग बूट ही जावा प्रकल्पांची तयार चौकट असा डेटाबेस सापडल्यास स्वतःच जोडून देते; परंतु जेपीए (जावातील वस्तू तक्त्यांत साठवणारा भाग) ठेवून ड्रायव्हर (डेटाबेसशी बोलणारा कोड) आणि पत्ता दोन्ही काढले, तर ते सुरू होण्यासच नकार देते. अशा वेळी ती आपोआप होणारी जोडणी बंद करण्याचा उपाय अनेक जण करतात, पण रिपॉझिटरीवर (माहिती साठवणाऱ्या आणि शोधणाऱ्या कोडवर) अवलंबून असलेले वर्ग तसेच राहिल्यामुळे चूक फक्त पुढच्या पायरीवर सरकते. म्हणून मेमरीतल्या यादीवर चालणारी पर्यायी रिपॉझिटरी आणि सुरुवातीच्या नमुना नोंदी या दोन्ही गोष्टी प्रकल्पाच्या कोडसोबतच द्याव्या लागतात.