कॅन्सरमध्ये "पडून राहा" ते "चालत राहा": हे बदललं कसं

केमो घेऊन माणूस मुंबईहून जळगावला उतरला की आपल्याकडे पहिलं काम म्हणजे कूलरसमोर खाट टाकणं. माझ्या मोठ्या मावशीला आम्ही असंच ठेवलं होतं, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात द्यायचो, आणि येणारा-जाणारा सांगायचा, माय तू पडी ऱ्हाय. दिवसभर पडायची आणि रात्री डोळ्याला डोळा नाही, पहाटे साडेतीनला ओट्यावर एकटीच बसलेली दिसायची.

घरच्यांना काय बोलणार, डॉक्टरही पिढ्यानपिढ्या आरामच सांगत आले. पण १९६६ ला अमेरिकेत डॅलसला विशीतली ५ धडधाकट पोरं ३ आठवडे नुसती बिछान्यावर झोपवून बघितली तर त्यांचा दम पाव हिश्श्याने उतरला, आणि ३० वर्षांनी त्यांनाच परत तपासलं तेव्हा कळलं की वयानं केलं नाही तेवढं नुकसान त्या ३ आठवड्यांनी केलं होतं. धडधाकट पोरांचं हे, मग केमोवाल्या बाईचं काय!

कॅन्सरच्या बाबतीत हा विचार पुढे नेला नर्सेसनी, आणि हे मला फार मोठं वाटतं, कारण पेशंटजवळ दिवसरात्र त्याच असतात. ओहायोमध्ये मॅकव्हिकर आणि विनिंगहॅम या दोघींनी १९८० च्या दशकात स्तनाच्या कॅन्सरच्या बायकांना केमो चालू असतानाच जागेवरची सायकल चालवायला लावली, आठवड्यातून ३ दिवस, १० आठवडे, आणि त्यांची ताकद चक्क वाढली. मग १९९७ ला व्हिक्टोरिया मॉक, त्याही नर्सच, त्यांनी रेडिएशन चालू असलेल्या ४६ बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या ज्या घरच्या घरी चालायच्या त्यांचा थकवा, घाबरेपणा आणि झोपेचा त्रास तिन्ही कमी निघाले. झोपेवर मोठा अभ्यास २०१३ ला आला, उपचार संपलेले ४१० जण, त्यांना ४ आठवडे हलका योगा, झोप सुधारली.

२०१९ ला तज्ज्ञांनी चालण्यासारख्या व्यायामाचा आकडाच सांगितला: आठवड्यातून ३ वेळा ३० मिनिटं, निदान १२ आठवडे. चिंता आणि उदासीसाठी पुरावा पक्का, झोपेसाठी थोडा कमी.

कॅन्सर हाडात गेला असेल, हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट खाली असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच करू नका.

मावशीला आम्ही ऊन चढायच्या आत, सहाला बाहेर काढायला लागलो. पहिल्या आठवड्यात विहिरीपर्यंतच, मध्ये दोनदा बसून. नंतर केळीच्या बागेच्या बांधापर्यंत जायची, आणि खाट आम्ही कूलरसमोरून उचलली.