अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात समुद्र मोजणारे सील

आपल्याकडे पावसाळा सुरू असतो तेव्हा अंटार्क्टिकात कडक हिवाळा असतो, आणि तिथल्या समुद्रातल्या सगळ्यात महत्त्वाच्या घडामोडी नेमक्या त्याच महिन्यांत होतात. पण तेव्हा जाणार कोण? समुद्र गोठलेला, रिसर्च करणारी बहुतेक जहाजं उन्हाळ्यात येऊन परत गेलेली. आर्गो प्रकल्पाचे फ्लोट, म्हणजे समुद्रात वर-खाली होत पाणी मोजणारी यंत्रं, जगभर तरंगत असतात, पण वर बर्फ असला की ते पृष्ठभागावर येऊन सॅटेलाइटला डेटा पाठवू शकत नाहीत.

मग हे काम गेलं एलिफंट सीलकडे. मोठा नर तीन-साडेतीन टनांचा असतो, पाचशे मीटरची बुडी त्याला रोजचीच, आणि प्रसंगी २००० मीटरपर्यंतही गेल्याच्या नोंदी आहेत. किनाऱ्यावर आला की त्याला भूल देऊन डोक्यावरच्या केसांना एक छोटा सेन्सर इपॉक्सीने चिकटवतात (एम-सीलचे जोक करून झाले असतील तर पुढे जाऊ). हा सेन्सर पाण्याचं तापमान, खारटपणा आणि खोली मोजतो आणि सील श्वास घ्यायला वर आला की तेवढ्या दोन-तीन मिनिटांत अँटेनातून माहिती सॅटेलाइटला जाते. वर्षातून एकदा सील कात टाकल्यासारखे केस-कातडी टाकतात, तेव्हा सेन्सरही गळून पडतो. जनावराला त्रास होत नाही का, हा प्रश्न मलाही पडला होता, पण काढायला परत पकडावं लागत नाही ही जमेची बाजू.

आता यातून कळलं काय, तर पूर्व अंटार्क्टिकात केप डार्नली म्हणून जागा आहे, तिथे खंडावरून येणारा जबरदस्त गार वारा समुद्रावरचं बर्फ सतत ढकलून देतो, त्यामुळे ऐन हिवाळ्यातही पाणी उघडं राहतं आणि उघडं राहिलं म्हणून परत गोठतं, परत ढकललं जातं, असं महिनोन्‌महिने. बर्फामधल्या अशा उघड्या पाण्याला पॉलिनिया म्हणतात. समुद्राचं पाणी साधारण उणे १.८ डिग्रीला गोठतं आणि गोठताना मीठ बाहेर टाकतं. मागे राहिलेलं पाणी अतिथंड आणि जास्त खारट, म्हणजे जड, ते उतारावरून खोल तळाला जातं आणि तळातळाने उत्तरेकडे पसरतं. असं पाणी तीन ठिकाणी बनतं हे माहीत होतं: वेडेल समुद्र, रॉस समुद्र आणि अडेली किनारा. चौथ्या जागेचा नुसता संशय होता. जपानी शास्त्रज्ञांनी तळाशी यंत्रं नांगरून ठेवली, सीलनी वरच्या उथळ भागातली मापं आणली आणि २०१३ साली केप डार्नलीचं नाव पक्कं झालं. शेल्फवर, म्हणजे खंडालगतच्या त्या उथळ भागात, हिवाळाभर चरत राहणारे सील नसते तर त्या जड पाण्याचा उगम इतका नीट दिसला नसता.

वाईट बातमीही सीलनीच आणली. शेजारच्या प्रीड्झ उपसागरात, जिथे आपलं भारती स्टेशन आहे, तिथेही जड पाणी बनतं, पण अमेरी हिमस्तर (खंडाला जोडलेला, समुद्रावर तरंगणारा बर्फाचा जाड थर) खालून वितळतो आणि त्याचं गोडं पाणी त्यात मिसळतं, खारटपणा कमी होतो, मग ते पाणी पुरेसं जड होत नाही. २०१६ मध्ये सीलच्या डेटावरून हे छापून आलं. म्हणजे बर्फ जास्त वितळलं तर तळाला जाणारं पाणी कमी होणार, आणि त्या पाण्याबरोबर खोल समुद्रात जाणारा ऑक्सिजनही. जगाच्या तळसमुद्राला ताजी हवा पुरवणारी ही मुख्य वाट आहे, हिंदी महासागराचा तळही त्यातच आला.

२०२३ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाभोवतीचं सागरी बर्फ १८ लाख चौरस किलोमीटरच्याही खाली गेलं, सॅटेलाइट मोजणी सुरू झाल्यापासूनचा नीचांक, आणि त्या हिवाळ्यातही ते नेहमीएवढं वाढलंच नाही. पण सॅटेलाइट बर्फाचा वरचा पसारा बघतो. त्याखालचं पाणी किती खारट, किती गार, हे कळायला अजूनही सीलच्या डोक्यावरचा तो सेन्सर फार उपयोगी पडतो.