मान डोलावणारा घोडा

मे महिन्यात अलिबागच्या किनाऱ्यावर ओहोटीची वेळ साधून कुलाबा किल्ल्यावर जायला घोडागाडीची वाट बघत होतो. समोरून आलेला पांढरा घोडा दर पावलाला मान खाली-वर करत होता. शेजारचं कुटुंब कौतुकानं व्हिडिओ काढत होतं. माझा भाचा म्हणाला, "मामा, तो हो हो म्हणतोय!"

तो लंगडत होता. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. त्यातला एक दुखत असला, की तो टेकताना घोडा डोकं वर उचलून भार चुकवतो आणि चांगला पाय टेकला की डोकं खाली सोडतो. म्हणजे डोकं खाली जाताना टेकलेला पाय धडधाकट, दुखणं दुसऱ्यात. इथे उजव्यात.

गाडीवाल्या काकांनी लगेच घोडा सोडला. संध्याकाळी नालबंदानं नाल काढून तळवा कोरला, तेव्हा थोडासा काळा पू निघाला. खुरातलं गळू. खुराचं कवच फुगत नाही, त्यामुळे आत थेंबभर पू साठला तरी घोडा तीन पायांवर येतो. पुवाला वाट करून दिली, की मिठाच्या कोमट पाण्याचा शेक, स्वच्छ पट्टी आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. घोड्याला धनुर्वात चटकन होतो. (उतरवलेला नाल लगेच एकानं मागितला. काळ्या घोड्याचा असता तर शनीसाठी आणखी भाव आला असता. त्या नालानं घोड्याचंच दुखणं टळलं नव्हतं.)

माझी नजर मात्र खुराच्या दर्शनी बाजूवर होती. तिथे आडव्या वळ्या होत्या, पुढे दाटीवाटीनं आणि टाचेकडे फाकत गेलेल्या. सगळ्यात ठळक वळी केसांच्या कडेपासून ४ सेंटीमीटर खाली. खूर म्हणजे नखच, महिन्याला साधारण ८ मिलिमीटर वाढणारं. हिशेब पाच महिन्यांचा झाला. विचारलं, "काका, डिसेंबरात आजारी होता का हा?"

"नाताळात. गर्दी होती म्हणून दाण्याची चंदी वाढवली, वर लोक पाव-बिस्किटं चारत होते. तीन दिवस पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा. जागचा हलेना."

हा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांचं दुखणं. घोडा खुरावर उभा असतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो खुरात लटकलेला असतो. पायाचं शेवटचं हाड खुराच्या भिंतीला आतून टांगलेलं असतं. पावसाळ्यातली अळंबी उलटी करून बघा, छत्रीखाली पातळ पापुद्रे दिसतील. हाडाकडून आलेले असे पापुद्रे आणि भिंतीकडून आलेले पापुद्रे एकमेकांत अडकलेले असतात. एका खुरात असे साडेपाचशे-सहाशे मुख्य पापुद्रे, प्रत्येकावर दीडशे-दोनशे उपपापुद्रे. सगळे पसरले तर पाऊण चौरस मीटरच्या आसपास जागा व्यापतील. एवढ्या पकडीमुळे ३०० किलोचा घोडा वाळूतून दौडतो.

ही पकड पोटातून सुटते. चंदी जास्त झाली, की न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो, आम्ल वाढतं, तिथले जिवाणू मरतात आणि त्यांची विषं रक्तात उतरतात. मग पापुद्र्यांना चिकटवून ठेवणारं पटल झिजतं. दुसरी वाट इन्सुलिनची. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात निरोगी पोनींच्या रक्तातली साखर नीट राखून फक्त इन्सुलिन चढं ठेवलं, तरी तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. पकड सैल पडली, की मागून ओढणाऱ्या स्नायुबंधामुळे हाडाचं टोक खाली तळव्याकडे वळतं. सैल झालेल्या फटीत पुढे महिन्यांनीही घाण शिरते, गळू होतं. मेमधल्या दुखण्याचं मूळ नाताळातल्या पावात असणं सहज शक्य आहे.

अशा वेळी "चालवून मोकळा करा" हा सल्ला घातक, कारण प्रत्येक पावलानं उरलेले पापुद्रे फाटतात. "समुद्रात उभा करा" हाही फुकाचा. आपला समुद्र कोमट. खूर १० अंशांच्या खाली न्यायला बर्फाचं पाणी लागतं, तेही गुडघ्याखालपर्यंत, दोन-तीन दिवस सलग आणि शक्यतो लंगडणं सुरू व्हायच्या आत. जादा चंदी खाल्ल्याचं कळताच बंदरावर सुरमई-पापलेटसाठी फोडतात तो बर्फ आणा आणि पशुवैद्याला बोलवा. खूर गरम लागतोय का, खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना नाडी ठणकतेय का, हे हातानं कळतं. एरवी ती जेमतेम लागते. चंदी बंद. खाली कोरड्या वाळूचा जाड थर, म्हणजे तळव्याला आधार मिळतो. आपल्या किनाऱ्याचा खरा उपयोग तो.

पावसाळ्यात ओल्या तबेल्यात तळव्याच्या खाचा काळ्या पडून घाण वास मारतात, ते वेगळं दुखणं. रोज खूर साफ करून कोरड्या जागी बांधलं, तर बहुतेक वेळा टळतं.

काकांना दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद बोलवायला सांगितलं. ती ठळक वळी अजून तेवढीच खाली उतरायची आहे. दिवाळीच्या सुमारास नालबंदाच्या कानशीखाली येईल.