रिओच्या चौघी आणि बीपीचा पट्टा

१८ ऑगस्ट २०१६ ला रिओच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये एक विचित्र शर्यत झाली. अख्ख्या ट्रॅकवर धावणारा संघ एकच. त्या दिवशी महिलांच्या ४ × १०० रिलेच्या पहिल्या फेरीत अमेरिकेच्या ॲलिसन फेलिक्सला शेजारच्या लेनमधल्या ब्राझीलच्या मुलीचा धक्का लागला होता आणि बॅटन खाली पडलं होतं. अपील मान्य झालं, पण अट अशी की संध्याकाळी चौघींनी एकटं धावायचं आणि चीनच्या ४२.७० सेकंदांना मागे टाकायचं. त्यांनी ४१.७७ काढले. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत वाट्याला सगळ्यात आतली, वळणाला सगळ्यात अडचणीची पहिली लेन आली. तिथून ४१.०१ सेकंदांत सुवर्णपदक.

टियाना बार्टोलेटा, ॲलिसन फेलिक्स, इंग्लिश गार्डनर, टोरी बोवी. पुढच्या सात वर्षांत यातल्या तिघींचं गर्भारपण जिवावर बेतलं. एक वाचली नाही.

बार्टोलेटाला २६ व्या आठवड्यातच कळा सुरू झाल्या. हॉस्पिटलमध्ये जाताना तिनं आपलं मृत्युपत्र बरोबर घेतलं होतं. फेलिक्सचं ३२ व्या आठवड्यात साध्या तपासणीत लक्षात आलं: बीपी भलतंच चढलेलं. तातडीनं सिझर करावं लागलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये जन्मलेली कॅमरिन जेमतेम दीड किलोची होती. दोष होता तीव्र प्रीएक्लॅम्प्सियाचा, म्हणजे गर्भारपणात बीपी चढवणाऱ्या विकाराचा.

ऑलिंपिकची पदकं जिंकणाऱ्या बाईला रक्तदाबाचा विकार कसा, असं वाटणं साहजिक आहे. पण या आजाराचं मूळ आईच्या हृदयात नसतं, तिच्या मांड्यांच्या स्नायूंत तर नाहीच. ते वारेत (प्लॅसेंटात) असतं. गर्भ रुजला की वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीतल्या नागमोडी रोहिण्यांत शिरतात आणि त्यांचं स्नायूंचं अस्तर मोडून काढतात. ठिबकच्या नळीचा पाट व्हावा तशा त्या रोहिण्या रुंद होतात आणि बाळाकडे रक्त मुबलक वाहू लागतं. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्यात, कुणाला पत्ता न लागता हे काम होतं. ते अर्धवट राहिलं तर नळी नळीच राहते. मग उपाशी वार आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते आणि ती रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला लागणारी द्रव्यं अडवून धरतात. अस्तर बिघडतं, वाहिन्या आवळतात, झिरपू लागतात. २० व्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० च्या वर जातं, बहुधा लघवीतून प्रथिनं जातात, यकृताला त्रास होतो. मेंदूपर्यंत पोचलं की झटके येतात. आपल्याकडे आकडी म्हणतात ती, म्हणजे एक्लॅम्प्सिया.

व्यायामानं हा धोका थोडा कमी होतो, शून्य होत नाही. त्या रोहिण्यांपर्यंत कुठलाच सराव पोचत नाही. आणि पायांवरची सूज तर निरोगी गर्भारपणातही येते, त्यामुळे ‘होतंच असं’ म्हणून सोडून दिली जाते. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं, उजव्या बरगडीखाली दुखणं ही लक्षणं असतात, पण बऱ्याचदा काहीच नसतं. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजलं तरच कळतं. झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन आहे. ते स्वस्त आहे आणि चांगलं काम करतं. मूळ आजार मात्र वार बाहेर आल्याशिवाय हटत नाही, म्हणूनच फेलिक्सच्या लेकीला दोन महिने आधी जगात यावं लागलं. अमेरिकेत बाळंतपणाशी संबंधित कारणांनी दगावण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय स्त्रियांत गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास तिप्पट आहे. फेलिक्सनं मे २०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे याबद्दल साक्ष दिली.

त्याआधी तिनं पोट दिसू नये म्हणून पहाटे अंधारात सराव केला होता. प्रायोजकाशी करार नव्यानं करायचा होता, आणि बाळंतपणाच्या आसपासच्या महिन्यांत वेळ खालावली तरी पैसे कापणार नाही, एवढी साधी हमी ती कंपनी द्यायला तयार नव्हती. फेलिक्सनं ते जाहीरपणे लिहिलं, आणि काही महिन्यांत कंपनीनं धोरण बदललं. (मला तिची अकरा ऑलिंपिक पदकं एका बाजूला आणि तिचा तो लेख एका बाजूला ठेवावासा वाटतो.)

परतणं शरीराला किती जड जातं? पूर्ण वेगात पाऊल जमिनीवर सेकंदाचा जेमतेम दहावा भाग टेकतं, तेवढ्यात वजनाच्या कित्येक पट जोर ओटीपोटातून वर जातो. सिझरमध्ये पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, बाजूला सारतात, पण त्यांच्यावरचं चिवट आवरण कापावंच लागतं आणि ते भरून मजबूत व्हायला महिने लागतात. त्यातून लोक परततात. आपल्याकडे पी. टी. उषा मुलाच्या जन्मानंतर धावली, आणि १९९८ साली फुकुओकाच्या आशियाई ॲथलेटिक्स स्पर्धेतून ३४ व्या वर्षी पदकं घेऊन आली.

टोरी बोवी २०२३ च्या मे महिन्यात ३२ व्या वर्षी फ्लोरिडातल्या घरी मृतावस्थेत सापडली. बरेच दिवस तिच्याकडून काही कळलं नाही म्हणून पोलीस बघायला गेले होते. आठवा महिना होता, कळा सुरू झालेल्या होत्या. शवविच्छेदनाच्या अहवालात संभाव्य गुंतागुंत म्हणून श्वसनाचा त्रास आणि एक्लॅम्प्सिया नोंदवलं आहे.

मला ती आठवते लंडनची, ६ ऑगस्ट २०१७. १०० मीटरच्या शेवटच्या पावलाला तिनं अंग पुढे झोकून दिलं, रेषा ओलांडून आडवी पडली. १०.८५. एक शतांशानं विश्वविजेती. ती शर्यत घरी बघत असताना जमैकाच्या शेली-ॲन फ्रेझर-प्राइसला कळा सुरू झाल्या, दुसऱ्या दिवशी सिझर होऊन झायन झाला. २९ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दोहात फ्रेझर-प्राइसनं १०.७१ मध्ये विश्वविजेतेपद परत मिळवलं आणि दोन वर्षांच्या झायनला कडेवर घेऊन ट्रॅकवर फिरली. त्याच रात्री, लेकीच्या जन्मानंतर दहा महिन्यांनी, फेलिक्सनं ४ × ४०० मिश्र रिलेत जागतिक स्पर्धांमधलं आपलं बारावं सुवर्ण मिळवलं. बोवीही दोहातच होती. आठवड्याभरानं ती लांब उडीत उतरली आणि ६.८१ मीटर उडी मारून चौथी आली.