म्हापशातला ‘कोयतो’, पर्वरीतली फाईल

म्हापशाच्या कोर्टात साक्षीदार कोकणीत सांगतो, ‘ताच्या हातांत कोयतो आशिल्लो.’ रेकॉर्डवर ते इंग्रजीत चढतं. जन्मठेप झाली की तेच कागद अपिलात पर्वरीला, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे जातात आणि तिथे खल सुरू होतो: पोलीस जबाबात ‘सिकल’ (विळा) होतं, मग साक्षीत ‘चॉपर’ (सुरा) कसं आलं? पाहणारा माणूस समोर नसतो, समोर असतो फक्त त्याच्या बोलण्याचा टंकलेख.

साक्ष तोलण्याचा हा काटा गोव्यात तसा नवाच. 19 डिसेंबर 1961 पर्यंत इथे पोर्तुगीज राजवट होती आणि बिगर-लष्करी गुन्ह्यांसाठी फाशी 1870 मध्येच गेली होती. मुक्तीनंतर 1872 चा भारतीय साक्ष कायदा आला, दंड संहितेबरोबर फाशीही परत आली. अपिलं आधी ज्युडिशियल कमिशनरकडे (उच्च न्यायालयाच्या जागी बसणाऱ्या न्यायाधिकाऱ्याकडे) जात, 1982 पासून उच्च न्यायालयाकडे.

साक्षीदार किती हवेत, याला कायद्यात आकडाच नाही. 1957 च्या वडिवेलू थेवर खटल्यात चहाच्या दुकानदाराचा खून झाला होता आणि भिस्त होती त्याच्या बायकोच्या एकटीच्या साक्षीवर. सर्वोच्च न्यायालयाने ती पुरेशी मानली, फाशीही कायम केली. साक्षीदारांचे तीन प्रकार तिथेच पाडले गेले: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वसनीय आणि मधले. खरी डोकेदुखी मधल्यांचीच. त्यांची साक्ष सुपात घेऊन पाखडायची आणि उरलेल्या दाण्यांना दुसरा आधार शोधायचा. 1983 मध्ये याच न्यायालयाने बजावलं की साक्षीदाराची स्मरणशक्ती म्हणजे व्हिडिओ टेप नव्हे. बारीकसारीक विसंगतीने साक्ष मोडत नाही. पण ‘बारीकसारीक’ कशाला म्हणायचं, यावरच तर अपिलं लढवली जातात.

साक्ष देताना माणूस अडखळला, घाबरला, तर खालच्या न्यायाधीशाने तसा शेरा लिहावा, अशी तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत होती. माझ्या मते वरच्या कोर्टाला साक्षीदाराचा चेहरा दिसण्याची ती एकच खिडकी.

कधी तर साक्षीदार येतच नाही. फेब्रुवारी 2008 मध्ये हणजूण किनाऱ्यावर ब्रिटिश मुलगी मृत सापडली, त्या प्रकरणातला महत्त्वाचा परदेशी साक्षीदार कोर्टात उभाच राहिला नाही. 2016 मध्ये बाल न्यायालयाने दोघा आरोपींना सोडलं. 2019 मध्ये, सीबीआयच्या अपिलावर, उच्च न्यायालयाने एकाला खुनाच्या नव्हे, सदोष मनुष्यवधाच्या कलमाखाली दोषी धरून दहा वर्षं दिली. दुसऱ्याची सुटका कायम राहिली.