द्राक्षबागायतदारांचे सल्लागट

सांगली जिल्ह्यातील तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळ या द्राक्षपट्ट्यात छाटणी, फवारणी आणि संजीवकांविषयी (वेलीच्या वाढीचे नियमन करणारी द्रव्ये) एकमेकांना मोबाइलवरून सल्ला देणारे बागायतदारांचे गट. बोलीत नुसते 'ग्रुप'. कुठे गावाचा, कुठे सल्लागाराचा, कुठे औषधदुकानाचा. एकच माणूस चार ग्रुपांत असतो. व्हॉट्सॲपवर २०२२ पर्यंत एका ग्रुपात २५६ जणच मावत, त्यामुळे ग्रुप भरला की दुसरा काढावा लागे.

देवाणघेवाण आणि चुरस दोन्ही मोबाइलच्या आधीपासूनच्या. बोरगावच्या (ता. तासगाव) वसंतराव आर्वे यांनी थॉमसन या बिनबियांच्या द्राक्षजातीतून तास-ए-गणेश ही जात निवडली, तर सोलापूरकडे नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका. कुणाचा मणी सरस यावर वाद झडले, पण लागवडीच्या काड्या इकडून तिकडे फिरत राहिल्या. आज तासगावात सोनाका आहे आणि नाशकात तास-ए-गणेश.

ग्रुपांमधली खरी चुरस असते ती शेड्यूलवरून. कोणत्या दिवशी कोणते औषध, जीए (जिबरेलिक ॲसिड हे संजीवक) किती पीपीएम (दहा लाखांत किती भाग), हे सल्लागाराचे भांडवल. ते बाहेर गेलेले त्याला रुचत नाही. तरी ते जातेच, आणि घात तिथेच होतो. जाणता बागायतदार ग्रुपात आलेला शेड्यूलचा फोटो पाहून आधी विचारतो, "छाटणीनंतर कितवा दिवस?" मात्रा त्या दिवसावर ठरते. पुढे ढकललेल्या मेसेजमधून नेमका तोच दिवस गळतो. नाशिक जिल्ह्यातल्या सटाण्याकडची आगाप (लवकरची) छाटणी पावसाळ्यातच होते, तासगावच्या बहुतेक बागा सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटतात. तिकडचा बरोबर सल्ला इकडे चुकीचा ठरतो. म्हणून छाटणीची तारीख, जात आणि गाव लिहिल्याशिवाय कोणताही सल्ला पुढे पाठवू नये, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

औषधाचे नाव आणि तारीख नोंदवण्याला निर्यातीमुळे धार आली. २०१० साली क्लोरमेक्वाटच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षे अडली. वाढ रोखण्यासाठी वेलीला दिलेले हे संजीवक तिथल्या तपासणीत मर्यादेपेक्षा जास्त निघाले. कुणी काय फवारले हा तेव्हापासून एकट्याच्या बागेपुरता प्रश्न राहिला नाही.

ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात मात्र चुरस मागे पडते. डाऊनी (केवडा) या रोगाचे बीजाणू वाऱ्या-पावसाबरोबर बांध ओलांडतात, आणि घड पोंग्यात (नुकताच बाहेर पडताना) किंवा फुलोऱ्यात असताना रोग बसला तर दोन-तीन दिवसांत हंगाम हातचा जातो. पानावर वरून तेलकट पिवळा डाग, खालून पिठासारखी पांढरी बुरशी. वरच्या बाजूचा फोटो पाठवला तर निदान हुकते. अशा सकाळी एरवी एकमेकांचे शेड्यूल झाकणाऱ्या ग्रुपांतही एकच निरोप फिरतो: पानं उलटून बघा.