जुन्या गिटारधुनांचा इको आणि आजचे पेडल : पार्श्वभूमी

१९६० च्या आसपास ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या गिटारधुना जशाच्या तशा वाजवू पाहणारा वादक गिटार किंवा अ‍ॅम्प्लिफायरपाशी सहसा अडत नाही. तो अडतो इकोपाशी, म्हणजे सुरामागून येणाऱ्या प्रतिध्वनीपाशी. हा प्रतिध्वनी देणारी बाजारातील पेडल्स (पायाने चालवायची छोटी उपकरणे) ‘टेप’, ‘अ‍ॅनालॉग’ आणि ‘डिजिटल’ अशा नावांनी विकली जातात आणि वादकही निवड याच नावांवरून करतात. मूळ यंत्रांची रचना पाहिली, तर ही विभागणी या विशिष्ट आवाजासाठी फारशी उपयोगाची नाही असे दिसते.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील मेम्फिस येथे टेप रेकॉर्डरच्या मुद्रण-हेड (फितीवर आवाज उमटवणारा भाग) आणि वाचन-हेड (तो पुन्हा ऐकवणारा भाग) यांच्यातील अंतरातून मिळणारा एकच आखूड प्रतिध्वनी लोकप्रिय झाला होता. लंडनमध्ये १९५८ साली ‘कॉपीकॅट’ हे फितीच्या वेटोळ्यावर चालणारे यंत्र आले, आणि इटलीत मिलान येथे ‘एकोमॅटिक’ व ‘एकोरेक’ ही यंत्रे तयार होत होती. यांपैकी एकोमॅटिक लंडनमधील एका चौकडीच्या मुख्य गिटारवादकाच्या हाती पडले, आणि १९६० च्या उन्हाळ्यात ‘अपाचे’ ही धून ब्रिटनच्या लोकप्रिय तबकड्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेल्यानंतर तो आवाज हजारो होतकरू वादकांचे ध्येय बनला.

या यंत्रांचे वैशिष्ट्य चुंबकीय फितीपेक्षा त्यांच्या वाचन-हेड्सच्या मांडणीत आहे. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या पृष्ठभागावर मुद्रण-हेडपासून ५ सेंटिमीटरवर वाचन-हेड ठेवले, तर प्रतिध्वनी सुमारे १३० मिलीसेकंदांनी येतो. त्यापुढे आणखी हेड्स ठेवली की एकाच सुरामागून अनेक प्रतिध्वनी येतात, आणि हेड्समधील अंतरे असमान असली तर त्यांची एक ठरावीक लय तयार होते. शिवाय कोणत्या हेडचा आवाज पुन्हा मुद्रण-हेडकडे पाठवला जातो, यावर पुढच्या आवर्तनांचा सगळा गुंता अवलंबून असतो. एकोरेकच्या परिचित नमुन्यात चार वाचन-हेड्स जवळपास समान अंतरावर होती आणि शेवटच्या हेडचा प्रतिध्वनी साधारण ३०० मिलीसेकंदांवर येत असे. वादक निवडक हेड्स चालू ठेवून लय बदलत असे. त्या धुनांमध्ये गिटार ‘पळते’ असे जे वाटते, ते या लयीमुळे.

सत्तरीनंतरच्या घडामोडींनी हा मुद्दा झाकला गेला. १९६९ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी मांडलेली विद्युत साखळी, जिच्यात शेकडो कपॅसिटर पाण्याच्या बादल्या हातोहात देणाऱ्या रांगेप्रमाणे विद्युतभार पुढे सरकवतात, पुढे पेडलमध्ये बसवली गेली आणि त्यातून ‘अ‍ॅनालॉग डिले’ (आवाज ठरावीक उशिराने परत देणारा परिणाम) हा प्रकार जन्मला. १९८१ च्या ‘डीएम-२’ या पेडलमध्ये सुमारे ३०० मिलीसेकंदांपर्यंतचा डिले मिळत असे, म्हणजे कालावधी जुन्या यंत्रांच्या पल्ल्यातला होता. पण वाचनबिंदू, म्हणजे वाचन-हेडसारखी आवाज परत घेण्याची जागा, मात्र एकच होता. साखळी चालवणाऱ्या घड्याळ-स्पंदांचा आवाज कानावर येऊ नये म्हणून उच्च स्वर गाळले जातात, त्यामुळे प्रत्येक आवर्तन अधिक बोथट होते. चुंबकीय फीतही प्रत्येक फेरीत उच्च स्वर गमावते, म्हणून दोन्हींची ऊब सारखी वाटते, आणि ‘अ‍ॅनालॉग म्हणजे जुना आवाज’ हे समीकरण बहुधा याच साम्यावर उभे राहिले. ते चुकीच्या टोकाला धरलेले आहे. ऊब हा या आवाजाचा दुय्यम गुण आहे. समान अंतराने येणारी एकाकी आवर्तने कितीही उबदार असली तरी त्यांतून चार हेड्सची लय निघत नाही. अ‍ॅनालॉगचा पुरस्कार करणाऱ्यांचा एक आक्षेप मात्र खरा आहे : १९८३-८४ च्या सुमारास आलेल्या ‘डीडी-२’ सारख्या पहिल्या डिजिटल पेडल्सची आवर्तने फारच स्वच्छ होती, त्यांत यंत्राच्या फिरण्यातील सूक्ष्म थरथर नव्हती, आणि त्यांनाही वाचनबिंदू एकच होता.

खरा बदल नव्वदीच्या दशकात, आणि तोही गिटारवादकांसाठी खास न बनवलेल्या उपकरणातून झाला. ‘क्यू-२०’ या स्टुडिओतील डिजिटल प्रोसेसरमध्ये एकाच सुरावर अनेक स्वतंत्र डिले बसवता येत असत, आणि काही हौशी वादकांनी जुन्या यंत्रांच्या हेड्सचे कालावधी शोधून ते त्यात भरले. डिजिटल असूनही तो आवाज त्या काळातील कोणत्याही अ‍ॅनालॉग पेडलपेक्षा मूळ धुनांच्या कितीतरी जवळ गेला, आणि हे श्रेय त्या हौशी मंडळींना निःसंकोच द्यायला हवे. २००० नंतर ‘मॅजिकस्टॉम्प’ या छोट्या उपकरणात आठ बिंदूंचा डिले आल्यावर हेच काम पायाशी करता येऊ लागले.

‘टेप’ या शब्दाचा घोळ मात्र अजून संपलेला नाही. १९७४ च्या ‘स्पेस इको आरई-२०१’ या टेप-इकोयंत्राची प्रतिकृती असलेले २००७ चे ‘आरई-२०’ उत्तम पेडल आहे, परंतु मूळ यंत्रच १९६० च्या धुनांनंतर चौदा वर्षांनी आलेले आहे, आणि त्याच्या तीन हेड्सची मांडणी मिलानच्या यंत्रांची नाही. २०१९ च्या ‘व्होलान्टे’ या पेडलमध्ये चार हेड्स आहेत, प्रत्येक हेड वेगळे चालू-बंद करता येते, त्यातील परतावाही (पुन्हा मुद्रणाकडे पाठवला जाणारा आवाज) स्वतंत्रपणे ठरवता येतो, आणि हेड्समधील अंतराचे एकाहून अधिक आराखडे आहेत. या विशिष्ट आवाजासाठी निवड करताना याच सोयी पाहाव्यात. पेडलच्या दर्शनी भागावरील नाव नंतर वाचले तरी चालते.

मूळ तबकड्यांवर ऐकू येणारा सगळाच पसारा इकोयंत्राचा नाही. अ‍ॅम्प्लिफायरमधून निघालेल्या आवाजाला स्टुडिओत प्रतिध्वनी-कक्षाची जोड दिली जात असे, आणि पेडलचा परतावा वाढवून ती भरून काढू पाहिली की सूर चिखलात जातात. त्या काळी इकोयंत्र गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्या मध्ये जोडले जाई, आणि यंत्रातील निर्वात नळ्या मूळ सुरालाही रंग देत असत. म्हणून पेडलही अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच जोडावे, आणि खोलीचा रिव्हर्ब (घुमारा) लागल्यास तो अ‍ॅम्प्लिफायरच्या पुढे, ध्वनिमुद्रणाच्या वेळी द्यावा.